दोन घरांमधले निरोप

माझे आईबाबा भांडून वेगळे झाले नव्हते. निदान दोघंही मला तसं सांगत. ते फक्त वेगवेगळ्या घरांत राहत होते. बाबांचं घर बोनकोडे गावात, आईचं कोपरखैरण्याच्या सेक्टरमध्ये, एका चार मजली बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि मधे एक नाला. नाल्यावर कुणीतरी सिमेंटची जाड फरशी टाकून ठेवली होती. फरशीच्या अलीकडे सोसायटी, वॉचमन, जिन्यातल्या पायपुसण्या. पलीकडे गाव, देऊळ, दारात वाळत घातलेली सुकट. शाळेत कुणी विचारलं तर मी ‘आमची दोन घरं आहेत’ असं सांगायची आणि मुलींना वाटायचं, आम्ही फार पैसेवाले आहोत.

बाबा इथलेच, आगरी. शेतं नव्या शहरासाठी गेली तेव्हा ते तरुण होते. पुढे तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. आई साताऱ्याकडची, बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत टायपिस्ट. दोघांचा बसथांबा एक होता, एवढीच त्यांच्या प्रेमाची हकीकत मला ठाऊक आहे. याहून जास्त मी विचारलं की आई म्हणायची, “बस वेळेवर येत नव्हती गं, म्हणून झालं सगळं.” लग्नानंतर ती बोनकोड्याच्या घरात आली, माझा जन्मही तिथलाच. त्या घरावर सत्ता होती माझ्या आत्याची, म्हणजे बाबांच्या थोरल्या बहिणीची. ती लवकर विधवा होऊन माहेरी आली होती आणि बाबांना तिनेच वाढवलं होतं. आई आणि आत्या, दोघीही चांगल्या बायका. पण एका चुलीपाशी दोघींचं जमेना. मी चौथी-पाचवीत असेन, तेव्हा आईने सेक्टरमध्ये लहानसं घर घेतलं. बाबांनी बरोबर यावं अशी तिची अपेक्षा होती, आणि ती चार दिवसांत परत येईल अशी बाबांची. दोघंही वाट बघत राहिले आणि वर्षं गेली.

मी शाळेच्या दिवसांत आईकडे असायची आणि शनिवारी दुपारी दप्तर टाकून गावात जायची. गावातली सकाळ मला अजून कानांनी आठवते. आत्या तांदळाच्या भाकऱ्या पाण्याचा हात लावून थापायची, त्यांचा आवाज मऊ आणि ओला. तव्यावर भाकरी टाकली की एक चर्र, आणि मागून देवळातल्या लाऊडस्पीकरवरचं भजन. खाडीवरून कुणी चिंबोऱ्या आणून दिल्या की त्या पातेल्यात नांग्या खडखडवत बसायच्या आणि आत्या त्यांच्याशी रागावून बोलायची. आईकडे भाकरी ज्वारीची. ती ओट्यावर परातीत थापताना कोरडा, ठाम आवाज यायचा, कचेरीत टाइप करावं तसा. तिच्यासोबत शेंगदाण्याची चटणी आणि पिठलं. आईला सुक्या मासळीचा वास सोसायचा नाही. रविवारी संध्याकाळी मी परत आले की ती काही बोलायची नाही, फक्त न्हाणीचा दिवा लावायची. मी निमूट जाऊन कोपरापर्यंत साबण लावून यायची. मला स्वतःला दोन्ही भाकऱ्या आवडायच्या, पण हे दोन्ही घरांत सांगायची सोय नव्हती. गावात मी ‘सोनी’ होते आणि सेक्टरमध्ये ‘सुवर्णा’. फरशी ओलांडताना माझी भाषा आपोआप बदलायची. तिकडे ‘पानी’, इकडे ‘पाणी’. त्यात चूक एकदाही झाली नाही.

आणि निरोप. त्या काळी आमच्याकडे फोन नव्हता, पण असता तरी त्या दोघांनी तो उचलला असता असं मला वाटत नाही. मी होते ना. आई कचेरीतून येऊन पर्स खिळ्याला अडकवता अडकवता म्हणायची, “तुझ्या बाबांना म्हणावं, सिलिंडरला नंबर लावा,” आणि बाबा ताटावरून उठताना म्हणायचे, “आयशीला सांग, पंख्याचा आवाज येत आसंल तर मी येऊन बघनार नाय, मिस्त्री बोलव.” एवढ्यावर भागलं असतं तर मी फक्त पोस्टमन झाले असते. पण दोघांच्या बोलण्याला धार होती, आणि ती धार आधी मला लागायची. एकदा गावात बाबांच्या चुलतभावाच्या मुलाचं लग्न निघालं. बाबा म्हणाले, “आयशीला सांग, लगीन हाय. येवाचा तर ये, नाय तर ऱ्हा घरान.” मी हे वाक्य घेऊन निघाले. नाल्याशी आले, तिथे थोडी थांबले, आणि वर जाऊन आईला म्हणाले, “बाबा म्हणाले, लग्नाला तू आलीस तर बरं वाटेल.” आईने पदर खोचला, काहीतरी आवरायला घेतलं, आणि पाठमोरी म्हणाली, “म्हणावं, मला उठसूट रजा मिळत नाही. आणि त्यांच्या बहिणीनं मागच्या वेळेला काय ऐकवलं ते विसरले नाही मी.” शनिवारी मी बाबांना सांगितलं, “आय रजेचा बघते बोलली.” ती लग्नाला आली. हिरवी साडी नेसून आली, आत्याच्या पाया पडली, जेवून गेली. मी मांडवात उभी राहून ते बघत होते आणि मला वाटलं, हे मी केलं.

मग मी थांबलेच नाही. सातवी, आठवी, नववी, मी निरोप घासून-पुसून पोचवत राहिले. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला जगात फारसं काही करता येत नाही. मला हे येत होतं. आज वळून बघताना त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही. घरातली मोठी माणसं जिथे हात टेकून बसली होती तिथे एक पोर जमेल तसं शिवणकाम करत होतं, इतकंच. पण त्याचा एक परिणाम होत होता आणि तो माझ्या लक्षात येत नव्हता. शाळेत मैत्रिणी बडबडायच्या, मला हे हवं, मला ते नको. मी ऐकायची. बाई म्हणायच्या, “सुवर्णा फार समंजस आहे.” समंजस म्हणजे काय, तर मला कुणी काही विचारलं की समोरच्याला काय ऐकायला आवडेल ते मला आधी सुचायचं.

दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले होते, फार चांगले नव्हते. त्या संध्याकाळी आईने पेढे आणले आणि पहिला पेढा माझ्या तोंडात घालतानाच म्हणाली, “त्यांना सांग, सायन्स. माझं ठरलंय. मी टायपिंग करत बसले, माझी मुलगी नाही बसायची.” दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, “कॉमर्स घे. बँकेत लागशील, जवल ऱ्हाशील. आयशीला सांग, मोठी सपना नको बघू पोरीच्या जिवावर.” हे वाक्य मी फरशीवर बराच वेळ हातात धरून उभी राहिले. त्यात नरम करण्यासारखं काही सापडेना. शेवटी मी ते टाकूनच दिलं आणि नवीन बनवलं. आईला म्हणाले, “बाबा म्हणाले, तुला शिक्षणातलं जास्त कळतं. तू म्हणशील तसं.”

आई दाराशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. “असं म्हणाले?” तिने विचारलं. मी मान हलवली. ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. नंतर स्वयंपाकघरातून शेंगदाणे भाजल्याचा वास येऊ लागला. तिने गूळ किसला, कूट केलं, तुपाचा हात लावून लाडू वळले आणि एका डब्यात एकावर एक नीट लावले. “बाबांना दे,” ती म्हणाली. “त्यांना आवडायचे.” इतक्या वर्षांत तिने गावात कधी काही पाठवलं नव्हतं. तिचा चेहरा त्या दिवशी कसा दिसत होता ते मी अजून विसरले नाही. ती लहान दिसत होती. डबा घेऊन मी जिना उतरले तेव्हा पहिल्यांदाच मला आत कुठेतरी भीती वाटली. कुणीही न बोललेल्या एका वाक्यासाठी लाडू निघाले होते.

बाबा ओटीवर पंप उघडून बसले होते. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं काही बिघडलं की ते आमच्या ओटीवर यायचं. त्यांनी हात पुसले, डबा उघडला आणि बघतच राहिले. “यो कशाला?”

“आयनी दिले. ती बोलली, बाबांचा इचार काय हाय तो बघू आन् मंग ठरवू.”

बाबांनी लाडू उचलला, पण खाल्ला नाही. माझ्याकडे बघून हसले. “सोनी, तुजी आय असा बोलनार नाय. ‘तुमचा विचार काय’ असा ती कवा बोलली? ती बोलते, ‘माझं ठरलंय.’”

माझे कान गरम झाले. मी डब्याचं झाकण हातात फिरवत राहिले.

“मना म्हाईत हाय गो. पयल्यापासून म्हाईत हाय. लग्नाच्या टायमाला तू सांगितलास, ‘रजेचा बघते.’ मना कललाच, यो बायकोचा बोलना नाय. पन बरा वाटला ऐकाला. म्हून बोललू नाय.” त्यांनी लाडू परत डब्यात ठेवला. “आता तिचा ऱ्हाऊ दे. माजा पन ऱ्हाऊ दे. तुना काय पायजे?”

प्रश्न साधा होता. मी तोंड उघडलं. ‘सायन्स’ म्हणावं तर तो आईचा आवाज होता, ‘कॉमर्स’ म्हणावं तर बाबांचा, आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ हा तर माझा नेहमीचाच, सगळ्यांना आवडणारा. त्यांच्यामागे आणखी कुणी आहे का म्हणून मी शोधत होते. बाबा थांबले. त्यांना थांबता यायचं. यंत्र बंद करून, कान लावून, दोष कुठे आहे याची वाट बघत बसणारा माणूस होता तो. आतून आत्याने विचारलं, “चाय ठेवू का रं?” त्यांनी तिला हातानेच गप्प केलं.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं. विशेष म्हणजे मी हे ओटीवर बसून, सेक्टरच्या भाषेत म्हणाले होते.

बाबांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही, तशी आमच्याकडे रीत नव्हती. ते म्हणाले, “मंग बस. इचार कर. सापडला की सांग.” आणि पुन्हा पंपाकडे वळले. मी रडणं संपेपर्यंत तिथेच बसले आणि ते काम करत राहिले. इतकं चांगलं मला त्याआधी कुणी वागवलं नव्हतं.

आईला मात्र ठाऊक नव्हतं. तिने ते वाक्य खरं मानलं होतं. दोन दिवस ती गुणगुणत होती, कचेरीत जाताना केसात अबोली माळत होती. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. पण मला आता ते जमेना. ती संध्याकाळी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडत होती तेव्हा मी तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, “आई, यापुढे मी निरोप नेणार नाही.”

“का गं?”

“मी नीट नेत नाही.”

तिचे हात चालूच होते. “म्हणजे?”

“तुला जास्त कळतं, असं बाबा म्हणाले नव्हते.”

पानं एकीकडे, काड्या एकीकडे. मग ती म्हणाली, “तेवढंच, की सगळंच?”

“सगळंच नाही.”

“लग्नाला आले तर बरं वाटेल, असं म्हणाले होते ना?”

“यायचं तर ये, असं म्हणाले होते.”

“यायचं तर ये,” आईने म्हणून बघितलं. “म्हणजे ‘बरं वाटेल’ हे तुझं.”

“हो.”

ती एकेक आठवून विचारत गेली. दिवाळीला असं म्हणाले होते ते? आत्याने माझी आठवण काढली होती ती? तिने यातलं एकही वाक्य टाकलं नव्हतं. सगळी जपून ठेवली होती. मी खरं ते सांगत गेले. मग ती म्हणाली, “माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तुझी आजी साताऱ्याहून आली होती, तेव्हा? काळजी घे, असा निरोप आणला होतास.”

“तेव्हा ते काहीच म्हणाले नव्हते. ते खाली उभे होते.”

“कुठे खाली?”

“हॉस्पिटलच्या खाली. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून यायचे. मला म्हणायचे, वर जाऊन बघून ये, मी हितंच हाय. तू झोपलीस असं सांगितलं की मग घरी जायचे.”

आईचे हात थांबले. “हे तू मला सांगितलं नाहीस.”

“त्यांनी सांग म्हटलं नव्हतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या मांडीवरच्या काड्या आणि पानं एकत्र झाली होती. “सुवर्णा,” ती म्हणाली, “इतकी वर्षं तू मला खूश ठेवत होतीस, की गप्प बसवत होतीस?” तिचा आवाज चढला नाही. ती उठली, ती सगळी मेथी काड्यांसकट धुऊन तिने भाजीला टाकली, आणि आम्ही ती तशीच खाल्ली.

पुढचे काही आठवडे दोन्ही घरांत शांतता होती. मी शनिवारी जायची, रविवारी यायची, पण मोकळी. आई मधूनच “त्यांना सांग” असं सुरू करायची आणि थांबायची. बाबा नुसतेच माझ्याकडे बघून मान हलवायचे. गोंधळही झाले. दोघांनी माझ्यासाठी एकेक नवी बॅग आणली, सिलिंडरला कुणीच नंबर लावला नाही आणि आम्ही स्टोव्हवर आलो. पण फरशीवरून जाताना डोक्यात काही जुळवायचं नसल्यामुळे मला आजूबाजूचं दिसू लागलं होतं. नाल्यात बगळे असतात हे मला तेव्हा कळलं. आणि हेही कळलं की सुट्टी असूनही मी भूगोलाचं जुनं पुस्तक काढून वाचत बसते, आणि गणिताचं पुस्तक रद्दीत गेलं तेव्हा मला आनंद झाला होता. फार मोठा शोध नव्हता हा. पण यात दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता.

एका रविवारी मी गावातून लवकर परत आले होते. सकाळीच दाराची बेल वाजली. आईने दार उघडलं. बाहेर बाबा. इस्त्रीचा शर्ट, तीन जिने चढून लागलेली धाप. त्या घरात ते कधीच आले नव्हते.

“सोनी हाय का?”

“आहे,” आई म्हणाली. दारातून ती हलली नाही. “पण तुम्ही तिच्याकडे आलाय की माझ्याकडे?”

बाबांनी विचार केला. “तुज्याकडं.”

“मग या. चप्पल बाहेर काढा.”

ते पुन्हा एका घरात राहायला आले नाहीत, हे आत्ताच सांगून टाकते. कुणी तशी आशा धरून वाचू नये. आत्या गेली तोवर दोघांनाही आपापल्या घराची सवय लागली होती. पण त्या रविवारनंतर बाबा येत राहिले, आणि आईही गावात जाऊ लागली. आता दोघंही नाहीत. परवा माझ्या मुलीने मला विचारलं, “आजी-आजोबा वेगळे का राहायचे?” आणि मी सांगायला लागले तर माझ्या लक्षात आलं की त्याचं कारण मला अजूनही नीट सांगता येत नाही.

त्या दिवशी आईने चहा केला. दोघं समोरासमोर बसले, मी आतल्या खोलीच्या दारात. सुरुवात माझ्या शिक्षणाने झाली आणि लगेच बाजूला पडली. सायन्सवरून आत्यावर, आत्यावरून सुकटीवर, सुकटीवरून कुणाच्या तरी बारशावर. आई ताडताड बोलत होती, बाबा मधेमधे एकच शब्द टाकत होते आणि तो बरोबर वर्मी लागत होता. असं भांडण मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. मला भीती वाटायला हवी होती. पण एकही वाक्य झेलायची जबाबदारी माझ्यावर नव्हती, आणि माझ्या खांद्यांना ते कळत होतं.

“हॉस्पिटलच्या खाली उभं राहून काय मिळालं तुम्हाला?” आईने एकदम विचारलं.

बाबांनी कप खाली ठेवला. “वरती तुजी आय बसली होती. मना बोलली आसती, तू कशाला आला.”

“बोलली असती. मग?” आई म्हणाली. “मी होते ना तिथं.”

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादली घासल्याचा आवाज आला. बाबांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं. “चुकलाच माजा,” ते म्हणाले. आईने त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला. तो गार झाला होता, तरी ते प्यायले.

मग दोघांना माझी आठवण झाली.

“बरं, हिचं काय?” आई म्हणाली.

“सापडला का गो?” बाबांनी विचारलं.

“आर्ट्स,” मी म्हणाले. “मला भूगोल शिकायचाय.”

मग आई उभी राहिली. “आर्ट्स? आर्ट्स घेऊन काय करणार आहेस? अहो, ऐकताय ना?”

“ऐकतू हाय. भूगोल? भूगोल कोन इकत घेतो?”

“एवढे मार्क पडलेत, आणि ही आर्ट्सला जाणार! आम्हाला विचारायची काही पद्धत आहे की नाही?”

“तेच ना,” बाबा म्हणाले. “आमाला कोनी इचारला?”

आम्हाला. आमाला. मी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. हा शब्द त्या दोघांच्या तोंडून एकत्र मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तो माझ्याविरुद्ध होता. एकाच बाकावरचे असल्यासारखे दोघं माझ्यासमोर होते. एकाचं वाक्य संपायच्या आत दुसरं ते उचलत होतं. नोकरी कुठे मिळणार, हसतील लोक, नंतर रडत येशील. बाबांनी तर सायन्ससुद्धा चालेल म्हणून टाकलं, आणि आई म्हणाली, नाहीतर कॉमर्स तरी घे, बाबा म्हणतात तसं.

मी त्यांना बोलू दिलं. मला पळून जावंसं वाटत नव्हतं. दोघं दम घ्यायला थांबले तेव्हा मी पुन्हा म्हणाले, “आर्ट्स.” या वेळी माझा आवाज माझा मलाच मोठा वाटला.

मग आईने बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी आईकडे.